दीड इंची जीआयच्या जागी दीड इंची सीपीव्हीसी चालेल का? सात मजली सोसायटीच्या पाण्याच्या लाइनीचा साइज

सचिव_डोंबिवली_पूर्व

नमस्कार. आमची सोसायटी डोंबिवलीत आहे. खाली स्टिल्ट, वर सात मजले, मजल्याला चार फ्लॅट, एकूण २८. इमारत तीस वर्षांची आणि पाण्याच्या लाइनी मूळच्याच, जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या). डक्टमधल्या (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या) पाइपांवर गळतीला आता आणखी क्लॅम्प मारायलाही जागा उरलेली नाही, म्हणून सर्वसाधारण सभेत सगळ्या लाइनी बदलायचा ठराव झाला. तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्हींत पाइपचा साइज वेगळा आहे.

पहिला म्हणतो, आहे तसंच करू. गच्चीवरचा हेडर (टाकीतून निघणारी आडवी मुख्य लाइन) दोन इंची, डाउनटेक (तिथून डक्टमधून खाली उतरणारी लाइन) दीड इंची, सगळं सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक). दर सगळ्यात कमी.

दुसरा म्हणतो, हेडर अडीच इंची आणि डाउनटेक दोन इंची, दोन्ही यूपीव्हीसी (थंड पाण्याचं कडक प्लास्टिक) शेड्यूल ८०, म्हणजे जाड भिंतीचा पाइप. दर बराच जास्त.

तिसरा म्हणतो, साइजला फारसा अर्थ नाही, दीड इंचीच ठेवा आणि टाकीखाली पूर्ण बिल्डिंगसाठी प्रेशर पंप बसवा.

माहिती अशी: गच्चीवर आरसीसीची टाकी आहे. तिचा तळ गच्चीच्या स्लॅबपासून दोन मीटर वर, आत पाण्याची खोली दीड मीटर. टाकीला दोन आउटलेट. प्रत्येक आउटलेटचा हेडर सहा मीटर जाऊन दोन डाउनटेकना फुटतो. तिथून लांबच्या डक्टपर्यंत नऊ मीटर. एका डाउनटेकवर एकाखाली एक सात फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन टॉयलेट-बाथरूम, किचन, वॉशिंग मशिन. मजल्याची उंची २.९ मीटर. फ्लशला साध्या टाक्या आहेत, फ्लश वॉल्व्ह कुठेच नाही.

तक्रार फक्त सातव्या आणि थोडीशी सहाव्या मजल्याची. सकाळी सात ते साडेआठ शॉवरला धारच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर तक्रार नाही.

कमिटीचा कल पहिल्या कोटेशनकडे आहे. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, हिशेब मांडून दाखवलात तर मी सभेला समजावू शकेन. कृपया कारणासकट सांगा.

प्लंबिंग_डिझाइन_ठाणे

ताई, तुम्ही उंची आणि लांबी दोन्ही दिलीत, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची गरज नाही. मी आयुष्यभर इमारतींच्या पाण्याच्या लाइनी डिझाइन केल्या आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लिहिलेल्या मापांतच आहे.

पहिल्या कोटेशनमधलं ‘आहे तसंच’ हे खरं नाही. बी क्लासचा दीड इंची जीआय आतून जवळजवळ ४२ मिमी असतो. सीपीव्हीसी दोन इंचापर्यंत तांब्याच्या नळीच्या मापाने बनतो. त्यात दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४१.३ मिमी, आणि एसडीआर ११ ची जाडी (बाहेरच्या व्यासाचा अकरावा भाग) दोन्ही बाजूंनी वजा केली की आत ३३.८ मिमी उरतात. म्हणजे तुमच्या जुन्या पाइपाच्या पोकळीपेक्षाही नव्या पाइपाचं बाहेरचं अंग बारीक. पाणी जायची जागा ३५ टक्क्यांनी कमी होते. प्लास्टिक जीआयपेक्षा गुळगुळीत असतं, त्यामुळे थोडं भरून निघतं. तरीही जीआय नवा होता त्या वेळच्या तुलनेत घर्षण जवळपास दुप्पट होईल. घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतं, म्हणून आठ मिमीचा फरक एवढा महाग पडतो.

आता सातव्या मजल्याकडे किती दाब आहे ते पाहू. गुरुत्वाच्या लाइनीत दाब फक्त उंचीतून येतो. पाइप दाब देत नाही, वाटेत खातो तेवढाच. टाकीचा तळ गच्चीपासून २ मीटर, त्याखाली मजल्याचे २.९ मीटर, आणि शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर. टाकी तळाला आली असताना उरतात २.८ मीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.२८ किलो. टाकी काठोकाठ असली तर आणखी दीड मीटर. ही सातव्या मजल्याची सगळी पुंजी. दुसरा मजला त्याच्या १४.५ मीटर खाली आहे, त्याच्याकडे १७ मीटर आहेत. त्यातले चार मीटर पाइपाने खाल्ले तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून साइज ठरवताना नेहमी सगळ्यात वरच्या आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या शॉवरपासून सुरुवात करायची.

किती पाणी वाहणार याचा हिशेब रॉय हंटर यांच्या पद्धतीने करतात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये असताना त्यांनी १९४० मध्ये ती मांडली. सगळे नळ एकाच क्षणी कधीच उघडे नसतात, म्हणून प्रत्येक नळाला, शॉवरला, फ्लशला युनिट द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि संभाव्यतेच्या आलेखावरून प्रवाह काढायचा. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही पद्धत युनिटांचीच आहे. तुमच्या एका फ्लॅटचे साधारण १० युनिट. एका डाउनटेकवर ७०, त्याला आलेखावर सेकंदाला २.२ लिटर. एका हेडरवर १४० युनिट, त्याला ३.३ लिटर. युनिट दुप्पट झाले तरी प्रवाह दीडपटच झाला, कारण घरं वाढली की सगळ्यांची वेळ एकदम जुळण्याची शक्यता कमी होते. हल्लीच्या कमी पाण्याच्या नळांना हा आलेख जास्तीचा अंदाज देतो असं म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण तुमच्या इमारतीसाठी मी त्यात काटछाट करणार नाही. डोंबिवलीत अर्धी इमारत त्याच दीड तासात आंघोळ करून लोकल गाठते.

आता लांबी. हेडर सहा मीटर, पण एल्बो, टी आणि वॉल्व्ह धरले की हिशेबाला दहा मीटर. पुढचे नऊ मीटर तसेच चौदा धरा. ३.३ लिटरला दोन इंची सीपीव्हीसी (आतून ४४ मिमी) दर मीटरला १० सेंटीमीटर उंची खातो. २.२ लिटरला दीड इंची सीपीव्हीसी मीटरला १७ सेंटीमीटर खातो.

पहिलं कोटेशन: हेडरमध्ये १ मीटर आणि पुढे २.४ मीटर, एकूण ३.४ मीटर. हातात आहेत २.८. टाकी अर्ध्याखाली गेली की सातव्या मजल्याचा शॉवर गर्दीच्या वेळी कोरडा. आत्ताचीच तक्रार नव्या पाइपावर, नवे पैसे खर्चून.

दुसरं कोटेशन: अडीच इंची यूपीव्हीसी शेड्यूल ८० आतून ५९ मिमी, दोन इंची ४९ मिमी. हेडरमध्ये पाव मीटर, पुढे चाळीस सेंटीमीटर, एकूण पाऊण मीटरच्या आत. सातव्या मजल्याला दोन मीटरपेक्षा जास्त उरतात. पाण्याचा वेगही सेकंदाला सव्वा मीटरच्या आत राहतो, म्हणजे पाइपात आवाज नाही, वॉल्व्ह पटकन बंद केला तर दणकाही नाही.

तेव्हा दुसरं कोटेशन घ्या, पण त्यात काटकसर करता येते. पाइप एकदा डक्टमध्ये खाली वळला की दर मजल्याला २.९ मीटर फुकट मिळतात आणि दोन इंची पाइप त्यातले दहा सेंटीमीटरही खात नाही. म्हणून चौथ्या मजल्याच्या टीपर्यंत दोन इंची ठेवा. त्याखाली तीनच फ्लॅट राहतात, तिथे दीड इंची. शेवटच्या फ्लॅटपर्यंत उतरणारा तुकडा सव्वा इंची. फ्लॅटमध्ये शिरणारी लाइन एक इंची, फक्त सातव्या आणि सहाव्या मजल्याला सव्वा इंची. पैसा गच्चीवर आणि वरच्या तीन-चार मजल्यांत घाला. खाली मोठा पाइप घालून कोणालाच काही मिळत नाही.

प्रेशर पंप पूर्ण बिल्डिंगला नको. पहिल्या मजल्यावर आजच दोन किलो दाब आहे. त्यात पंपाचे दीड-दोन किलो घातलेत तर तिथले जुने अँगल वॉल्व्ह आणि फ्लशटाकीचे फ्लोट गळायला लागतील, आणि लाइट गेली की सगळे सारखेच अडकतील. वरच्या मजल्यांना मिक्सरचा मोठा शॉवर हवा असेल तर गोष्ट वेगळी. अडीच-तीन मीटरवर तो कुठल्याच पाइपाने चालणार नाही. त्यासाठी सहाव्या-सातव्याची वेगळी लाइन काढून तिच्यावर लहान पंप बसवा आणि त्याला बायपास (पंप बंद असताना पाणी जायची वेगळी वाट) ठेवा.

सभेआधी एक करून बघा. सातव्या मजल्यावर वॉशिंग मशिनच्या नळाला प्रेशर गेज लावा. गेज ० ते २ किलोचा घ्या, ० ते १० च्या गेजवर काटा हललेला दिसणारही नाही. रात्री सगळं शांत असताना एक नोंद, सकाळी गर्दीत एक नोंद. दोन्हींतला फरक म्हणजे पाइपाने खाल्लेला दाब. फरक मोठा असेल तर दोष पाइपात. रात्रीचीच नोंद कमी असेल तर दोष टाकीच्या उंचीत, आणि तिथे पाइप बदलून काही होणार नाही.

पाना_पक्कड

सरांनी हिशेब बरोबर मांडलाय. मी पंचवीस वर्षं ठाणे-कल्याण भागात प्लंबिंग करतो, ताई. कागदावर दोन इंची आणि जागेवर दीड इंची कसं होतं ते सांगतो, म्हणजे काम चालू असताना लक्ष ठेवता येईल.

सगळ्यात आधी टाकीचं आउटलेट बघा. आरसीसी टाकीच्या भिंतीत गाडलेला जीआयचा तुकडा असतो. बाहेर अडीच इंची पाइप जोडतात आणि आतला तुकडा तसाच राहतो, गंजाने निम्मा बुजलेला. टाकी धुवायच्या दिवशी आत उतरून बोट घालून बघायला सांगा. खराब असेल तर कोअर कटिंग करून (यंत्राने गोल भोक पाडून) नवा तुकडा बसवावा लागतो आणि वॉटरप्रूफिंगही करावं लागतं. हे कोटेशनात नसेल तर आत्ताच घालून घ्या, नंतर एक्स्ट्रा म्हणून लावतील.

दुसरं, वॉल्व्ह. बॉल वॉल्व्ह फुल बोअरचा घ्या. स्वस्त वॉल्व्हचं भोक पाइपापेक्षा एक साइज लहान असतं. उघडून डोळ्याला लावून बघा, पाइपाएवढा उजेड दिसला पाहिजे. डक्टमधले जुने गेट वॉल्व्ह परत वापरू देऊ नका. त्यांची चकती अर्ध्यात अडकलेली असते आणि वरून चाक फिरत राहतं.

तिसरं, गच्चीवरची लाइन. बीम किंवा जिन्याचा कठडा मध्ये आला की पोरं पाइप वर चढवून पलीकडे उतरवतात. त्या उंचवट्यात हवा कोंडते आणि पाणी अडतं. लाइन टाकीकडून डक्टकडे सतत उतरती पाहिजे. प्रत्येक डाउनटेकच्या माथ्यावर, वॉल्व्हच्या पुढे, पाऊण इंची एअर व्हेंट काढा आणि तो टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर नेऊन तोंड खाली वळवा. व्हेंट नसला तर खालच्या मजल्यांनी ओढ घेतली की सातव्याच्या नळातून पाण्याऐवजी हवा आत जाते. बऱ्याच ठिकाणी पाइप चांगला असतो आणि त्रास फक्त व्हेंटचा असतो.

आणि पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट. यूपीव्हीसीचं आणि सीपीव्हीसीचं वेगवेगळं. ढीगभर लावलं की आत कडं तयार होतं आणि भोक कमी होतं. पाइप कापल्यावर आतली कड घासून साफ झाली पाहिजे.

नाशिककर_०७

आमच्याकडे घडलेलं सांगतो, कारण साइजच्या लिखाणातच घोळ होतो. आमच्या कमिटीने ठरावात ‘५० मिमी पाइप’ असं लिहिलं होतं. कंत्राटदाराने ५० मिमीचा पीपीआर (आणखी एका प्रकारच्या प्लास्टिकचा पाइप) टाकला. पीपीआरचं माप बाहेरून धरतात. पीएन १६ (दाबाचा वर्ग) च्या ५० मिमी पाइपाची जाडी जवळपास ७ मिमी, म्हणजे आतून ३६. त्याने कागदाप्रमाणेच दिलं आणि आम्हाला भांडायला जागा राहिली नाही. वरच्या मजल्याचं पाणी पहिल्यापेक्षा कमी झालं. मुख्य लाइन आता पुन्हा बदलायची आहे. ताई, टेंडरमध्ये ‘आतला व्यास कमीत कमी इतके मिमी’ असंच लिहा, आणि सोबत मटेरियल, आयएस (भारतीय मानक) नंबर आणि शेड्यूल किंवा एसडीआर.

सचिव_डोंबिवली_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. गेज आणून बघितला. सातव्या मजल्यावर वॉशिंग मशिनचा नळ जमिनीपासून एक मीटरवर आहे. रात्री साडेअकराला, गच्चीवरचा वॉल्व्ह मुद्दाम उघडून, ०.५ किलो आणि सकाळी पावणेआठला ०.१ च्या आसपास. टाकीही आतून बघितली. एका आउटलेटमध्ये करंगळी जेमतेम जाते.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती असं आता वाटतं. आमच्याकडे गच्चीवरून पाणी चोवीस तास सोडलेलं नसतं. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. प्रत्येक घरात माळ्यावर ३०० ते ५०० लिटरची टाकी आहे, तिला फ्लोट. याने हिशेब बदलतो का? आणि खालच्या टाकीतून वर चढणारी लाइनही याच कामात बदलायची आहे, तिला किती इंची लागेल?

प्लंबिंग_डिझाइन_ठाणे

बदलतो, आणि हे विचारलंत ते फार चांगलं केलंत. हंटर यांची पद्धत लोक आपापल्या वेळी नळ उघडतात या गृहीतकावर उभी आहे. तुमच्याकडे सहा वाजता वॉल्व्ह उघडला की सातही घरांचे माळ्यावरचे फ्लोट एकदम वाहायला लागतात आणि टाकी भरेपर्यंत वाहत राहतात. तिथे संभाव्यता उरत नाही, सरळ बेरीज करावी लागते. अर्धा इंची फ्लोटचे सेकंदाला ०.१५ ते ०.२ लिटर धरले तर एका डाउनटेकवर एक ते १.४ लिटर नुसतं माळ्यावरच्या टाक्यांना जातं. खालच्या मजल्यांचे फ्लोट दाबामुळे याहून जास्त ओढतात. त्यावर आंघोळींचे सव्वादोन लिटर आले की दोन इंची पाइपही अपुरा वाटायला लागतो.

यासाठी पाइप आणखी मोठा करू नका. वॉल्व्ह साडेपाचला उघडा. माळ्यावरच्या टाक्या अर्ध्या-पाऊण तासात भरून फ्लोट बंद होतील आणि साडेसहापासून लाइन नळांसाठी मोकळी राहील. खालच्या चार मजल्यांच्या फ्लोटच्या अलीकडे अँगल वॉल्व्ह असेल तर तो थोडा बंद करून ठेवायला सांगा, म्हणजे ते वरच्यांचं पाणी ओढून घेणार नाहीत. लाइनी नव्या झाल्या, गळती थांबली की चोवीस तास पाणी सोडण्याचा विचार जरूर करा. वेळ ठरवली की माणसं पिंप, बादल्या भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ओतून देतात. पाणी वाचवण्यासाठी ठरवलेल्या वेळेत पाणी वाया जाताना मी खूप ठिकाणी पाहिलं आहे.

तुमच्या गेजचा अर्थ स्पष्ट आहे. एक मीटरवरच्या नळाला ०.५ किलो म्हणजे टाकी जवळजवळ भरलेली होती, उंचीचा दोष नाही. सकाळी ०.१. त्यातला काही भाग टाकीची पातळी उतरल्याचा असेल, पण तो दीड मीटरहून जास्त असूच शकत नाही. बाकी अडीच मीटर गंजलेल्या आउटलेटने आणि पाइपाने खाल्ले. सभेत हे दोन आकडे फळ्यावर लिहा. सातव्या मजल्याचे लोक जास्त पाणी मागत नाहीयेत, त्यांच्या वाटचं पाणी वाटेत अडतंय, हे खालच्या मजल्यांना त्यावरून दिसेल. मोठ्या पाइपाचा खर्च सगळ्यांनी मिळून का करायचा, हा प्रश्न सभेत येतोच.

चढत्या लाइनीचा हिशेब सोपा आहे. २८ घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर १२६. माणशी दिवसाला १३५ लिटरप्रमाणे १७ हजार लिटर. पंप दोन तासांत तेवढं चढवेल असं धरलं तर सेकंदाला २.४ लिटर. त्याला दोन इंची पाइप पुरतो, वेग सव्वा मीटरच्या आसपास राहतो. दीड इंची घातलात तर पंपाला जास्त दाबाने ढकलावं लागेल आणि ते विजेच्या बिलात दिसत राहील. पंपाच्या डोक्यावर नॉन रिटर्न वॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) विसरू नका.

यूपीव्हीसी गच्चीवर उन्हात राहणार, म्हणून त्याला रंग द्या आणि दर मीटर-सव्वा मीटरवर आधार द्या, नाहीतर उन्हाळ्यात झोल पडून पाना पक्कड म्हणतात तसे हवेचे उंचवटे तयार होतील. फ्लॅटच्या आत मात्र सीपीव्हीसीच. यूपीव्हीसी गरम पाण्यासाठी नाही, आणि गिझरचा नॉन रिटर्न वॉल्व्ह बिघडला की गरम पाणी थंड लाइनीत मागे येतं.

पाना_पक्कड

ताई, कामाचा क्रम असा लावा. आधी टाकीची दोन्ही आउटलेट, एक झाल्यावर दुसरं, म्हणजे निम्मी इमारत चालू राहते. मग गच्चीवरचे हेडर, मग एकेक डाउनटेक. नवी लाइन जुनीच्या शेजारी पूर्ण उभी करून घ्या आणि मगच फ्लॅटच्या जोडण्या हलवा, तशी जागा तुमच्या डक्टमध्ये आहे का ते आत्ता मोजून ठेवा. सांधे चोवीस तास सुकू द्यायचे, नंतर हातपंपाने दाब देऊन टेस्ट. रोजच्या दाबाच्या दीडपट, आणि काटा दोन तास जागचा हलता कामा नये. सातव्या मजल्याच्या एका माणसाला आणि पहिल्या मजल्याच्या एका माणसाला टेस्टच्या वेळी उभं करा आणि दोघांची सही घ्या. डक्ट बंद करायचा तो त्यानंतर.